२५० कोंबड्या : पिंजरा, गादी की मोकळ्या? आणि मेसवाले विचारतात, "अंड्यात अँटिबायोटिक नाही ना?"

तेरणाकाठ (ता. औसा)

नमस्कार मंडळी. आमचा बायकांचा बचत गट आहे. आजवर शेळ्या आणि शेवया-पापडावर चाललं. आता २५० तलंगा (अंड्यावर यायच्या बेताच्या कोंबड्या) आणून अंड्यांचा धंदा करायचा विचार करायलोत. गटातल्या एका ताईंचा २० बाय ३० फुटांचा पत्र्याचा गोठा रिकामा आहे. बोअरला पाणी आहे, पण एप्रिल लागला की टँकर बघावा लागतो.

गिऱ्हाईक आधीच ठरलंय. लातूरला क्लासेसच्या पोरांच्या मेस आहेत, त्यातले एक मेसवाले दादा रोज अंडी घ्यायला तयार आहेत. पण त्यांचं म्हणणं असं, की पोरं मेडिकलच्या परीक्षेच्या तयारीला आलेली असतात, एकाचं पोट बिघडलं तरी आईबापांचे फोन येतात. त्यामुळं अंड्यात जंतू नकोत आणि अँटिबायोटिकपण नको.

आता ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायलाय. पिंजरे विकणारे म्हणतात, पिंजऱ्यात कोंबडी विष्ठेला शिवत नाही, म्हणून अंडं स्वच्छ. माझा मामेभाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो युरोपात पिंजऱ्यांवर बंदी आली ती रोगराईमुळंच. सासूबाई म्हणतात, परसात सोडा, आमच्या काळी कुठं होतं औषध. आणि तालुक्याच्या एका औषध दुकानात सल्ला मिळाला की दर महिन्याला पाच दिवस पाण्यातून पावडर चालू ठेवा, मर येत नाही. पाकिटावर एन्रोफ्लॉक्सॅसिन लिहिलंय.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. कुठल्या पद्धतीत अंड्याला जंतू कमी लागतात? आणि ही पावडर द्यायची का नाही? पैसा गटाचा आहे, काही बायकांनी हातउसने घेऊन भरलाय, म्हणून नीट समजून घेऊनच पाऊल टाकायचंय.

—

बालाघाट (अंबाजोगाई)

ताई, माझ्याकडं पिंजऱ्यातले पक्षी आहेत, बीव्ही-३०० जात. तेव्हा पिंजऱ्याचं मी सांगतो.

अंडं पडलं की उतारावरून पुढच्या जाळीत येतं, विष्ठा खाली पडते, हे खरं आहे. अंड्याचं कवच दिसायला स्वच्छ मिळतं. पण खालच्या विष्ठेचं काय करायचं हे पिंजरेवाला सांगत नाही. पावसाळ्यात ती ओली राहिली की माश्या आणि अळ्या, आणि खाद्याच्या वासानं उंदीर. पिंजऱ्याच्या तारेवर, पन्हळीत बसलेली धूळ आणि वाळलेली घाण बॅच निघाल्यावर घासून काढणं हे मजुरांचं सगळ्यात नावडतं काम असतं, आणि तिथंच कामचुकारपणा होतो. मी त्या वेळी स्वतः उभा राहतो.

दुसरं, २५० पक्ष्यांना पिंजऱ्याचा खर्च अंगावर येईल. तेवढ्यासाठी नका करू.

औषधाचं तर डॉक्टर लोक सांगतील, पण एक सांगून ठेवतो. शेडवर पावडरी घेऊन येणारे फार असतात. "एग बूस्टर" म्हणून डबा देतात, आत काय आहे ते बारीक अक्षरात असतं. व्हिटॅमिनच्या नावाखाली टेट्रासायक्लीन किंवा निओमायसिन घातलेले डबे मी हातात घेऊन वाचलेत. लेबल वाचल्याशिवाय काहीच पाण्यात टाकू नका.

—

निवृत्त पशुवैद्यक (उदगीर)

ताई, तुमचे प्रश्न दोन असले तरी त्यांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. अंड्याला जंतू लागणं हे बरंचसं शेड, पाणी, उंदीर आणि पिल्लांच्या उगमावर अवलंबून आहे. ते जंतू औषधाला दाद देतील की नाही, हे तुम्ही पाण्यात काय टाकता यावर. हे दोन्ही एकत्र केलं की माणूस गोंधळतो आणि विकणाऱ्याचं फावतं.

आधी जंतू. अंड्यातून माणसाला होणाऱ्या त्रासात पहिलं नाव सालमोनेलाचं. त्याचे प्रकार खूप. कोंबड्या मारणारे गॅलिनॅरम आणि पुलोरम वेगळे, त्यांना आपण फाउल टायफॉइड आणि पांढरी हगवण म्हणतो. ते शेतकऱ्याचं दिवाळं काढतात, पण माणसाला सहसा त्रास देत नाहीत. माणसाला त्रास देणारे एन्टेरिटायडिस आणि टायफिम्युरियम. आणि इथंच अडचण आहे. हे जंतू पोटात असलेली मोठी कोंबडी दाणे खाते, अंडी देते, तुरा लाल असतो, काही कळत नाही. एन्टेरिटायडिस तर अंडाशयापर्यंत पोचतो आणि कवच तयार होण्याआधीच अंड्याच्या आत शिरतो. असं अंडं बाहेरून कितीही लखलखीत असू द्या. म्हणून "पिंजऱ्यातलं अंडं स्वच्छ" या बोलण्याला मर्यादा आहे.

तुमच्या मामेभावाचं म्हणणं अर्धवट आहे. युरोपियन संघाचा कायदा १९९९ चा, साधे पिंजरे बंद झाले १ जानेवारी २०१२ पासून, आणि कारण होतं कोंबडीचे हाल. पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही, अंडं घालायला आडोसा नाही. थोडी जास्त जागा, बसायला दांडी आणि खुराड्याची सोय असलेले पिंजरे तिथं त्यानंतरही चालू राहिले. तिथंच २००४-०५ मध्ये लेअर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या, फार्मांची सालमोनेलासाठी मोठी पाहणी झाली होती, आणि तीत पिंजऱ्यांच्या फार्मांवर सालमोनेला जास्त सापडला. पण ते फार्म आकारानंही मोठे होते. पक्षी जास्त, शेड जुनी, धूळ जास्त, उंदरांना लपायला जागा जास्त. मग दोष तारेच्या पिंजऱ्याचा किती आणि त्या गर्दीचा किती, हे त्यातून वेगळं काढणं अवघड आहे. नंतरच्या अभ्यासांत कधी पिंजरा वाईट निघाला, कधी फरकच दिसला नाही. एवढ्यावरून कुणी "अमुक पद्धत म्हणजे जंतूमुक्त अंडं" असं छातीठोक सांगत असेल, तर मी त्याच्याकडून काही विकत घेणार नाही.

गादीवर, म्हणजे जमिनीवर तुसाचा थर टाकून पाळल्यावर, काय होतं? कोंबडी विष्ठेवरूनच फिरते. कवचावर ई. कोलायसारखे पोटातले जंतू पिंजऱ्यापेक्षा जास्त सापडतात, आणि तुसावर घातलेल्या अंड्यांवर सगळ्यात जास्त. गादी ओली झाली की कॉक्सी होतो, रक्ताची हगवण लागते, मग माणूस औषधाकडं धावतो. पण गादी कोरडी राहिली तर चित्र बदलतं, कारण सालमोनेलाला वाढायला ओल लागते. आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या हवेचा हा एक फायदा आहे, तो आपण पावसाळ्याचे चार महिने आणि गळक्या भांड्यांनी घालवतो.

परसात सोडलेल्या कोंबड्यांना औषध कमी लागतं, हे सासूबाईंचं म्हणणं बरोबर. पण चिमण्या-पारवे, उकिरडा, डबकं, जंत, हे सगळं त्यांच्या वाट्याला येतं. मोकळ्या कोंबड्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू जास्त सापडतो. तो कवचावर सुकून मरतो, त्यामुळं अंड्यातून सहसा येत नाही, कोंबडीच्या मटणातून येतो. तुमच्या सासूबाईंच्या दहा कोंबड्यांना परसच योग्य. २५० मात्र परसात सांभाळून होत नाहीत. अंडी कुठं घातली हे शोधण्यात दिवस जातो आणि मेसवाल्याला शिळं अंडं पोचतं.

आता पावडर. देऊ नका. स्पष्ट सांगतो, आजार नसताना दर महिन्याला पाच दिवस एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक देणं म्हणजे औषधाला न मरणारे जंतू निवडून वाढवणं. कोंबडीच्या पोटातले कमजोर जंतू मरतात, जे तगतात त्यांची पैदास होते. शिवाय हे जंतू औषधाला तोंड देणारा जनुकांचा छोटा तुकडा एकमेकांना देतात. आज तो बिनउपद्रवी ई. कोलायकडं असला तर उद्या सालमोनेलाकडं जाऊ शकतो. एन्रोफ्लॉक्सॅसिनचं कोंबडीच्या शरीरात काही प्रमाणात सिप्रोफ्लॉक्सॅसिन होतं, म्हणजे माणसांच्या दवाखान्यात हगवणीला, लघवीच्या जंतुसंसर्गाला लिहून देतात तेच. अमेरिकेनं कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सॅसिनची परवानगी सप्टेंबर २००५ मध्ये काढून घेतली ती याच कारणानं, माणसांतला कॅम्पिलोबॅक्टर त्या गटाच्या औषधांना जुमानेनासा झाला होता.

आपल्याकडचंही ऐका. पंजाबातल्या १८ फार्मांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. एकाच वेळी अनेक अँटिबायोटिक निकामी करणारं विकर (एन्झाइम) बनवणारा ई. कोलाय ब्रॉयलरमध्ये ८७ टक्के आणि लेअरमध्ये ४२ टक्के नमुन्यांत मिळाला. लेअरमध्ये कमी, कारण ब्रॉयलरला वजनवाढीसाठी औषधं जास्त जातात. पण ४२ हा आकडा मला तरी कमी वाटत नाही.

अजून एक नाव लक्षात ठेवा, कोलिस्टिन. माणसाला बाकी काही लागू पडेनासं झालं की आयसीयूत जे शेवटी वापरतात ते. त्याला न जुमानणारं, एका जंतूकडून दुसऱ्याकडं जाणारं जनुक चीनमध्ये सापडल्याचं २०१५ मध्ये जगाला कळलं. भारत सरकारनं जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि खाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातली. जुनं पाकीट कुणी स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नका.

—

तेरणाकाठ (ता. औसा)

डॉक्टर साहेब, लई आभार. हे सगळं मी आज गटात वाचून दाखवलं. एका ताईंचा प्रश्न आला. दुकानदार म्हणाला होता, औषध बंद केल्यावर थोडे दिवस थांबायचं आणि मग अंडी विकायची, म्हणजे काही दोष राहत नाही. ते चुकीचं आहे का? आणि दुसरीचा प्रश्न, अंड्यातून टायफॉइड होतो का? आमच्या गावात मागं साथ आली तेव्हा लोकांनी अंडी खाणं सोडलं होतं.

—

निवृत्त पशुवैद्यक (उदगीर)

थांबण्याचा काळ हा अंड्यात उरलेल्या औषधासाठी असतो. बलक भरायला साधारण दहा दिवस लागतात, त्यामुळं आज दिलेलं औषध पुढचे बरेच दिवस अंड्यांतून येत राहतं. ज्या औषधाच्या लेबलवर अंड्यांसाठीचा काळ लिहिलेला आहे, तिथं तो पाळायचाच. काही औषधांवर तर "अंडी देणाऱ्या पक्ष्यांना देऊ नये" असंच असतं. एन्रोफ्लॉक्सॅसिन युरोपात खायची अंडी देणाऱ्या कोंबड्यांना द्यायला मनाई आहे.

पण औषध अंड्यातून निघून गेलं तरी तगलेले जंतू शेडमध्येच असतात. तुसात, धुळीत, पाण्याच्या टाकीत, उंदराच्या लेंडीत. त्यांना थांबण्याचा काळ नसतो. मेसवाल्या दादांनी दोन गोष्टी मागितल्यात आणि त्या खरोखर दोन आहेत. अंडं पूर्ण उकडलं तर जंतू मरतात, औषधाचा अंश मात्र उकडून पूर्ण जाईल याचा भरवसा नसतो.

टायफॉइडचं लॅबवाले जास्त नीट सांगतील.

—

नांदेडची लॅब

मी माणसांच्या दवाखान्यात सूक्ष्मजीवशास्त्र बघते. ताई, टायफॉइडचा सालमोनेला, टायफी, हा फक्त माणसात राहतो. तो कोंबडीत नसतो. गावात साथ आली असेल तर फुटकी पाइपलाइन, विहिरीत मिसळणारं सांडपाणी, आजारी माणसाच्या हातचं अन्न हे बघायचं. अंड्यानं होतो तो सालमोनेलाचा जुलाब. ताप, पोटात कळा, पाण्यासारखी शौच, खाल्ल्यापासून साधारण सहा तासांपासून ते तीन-चार दिवसांत कधीही. धडधाकट माणूस बहुतेक वेळा ओआरएस आणि विश्रांतीवर बरा होतो, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. तान्हं बाळ, म्हातारं माणूस, गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण यांच्यात जंतू रक्तात जाऊ शकतो, आणि तिथं औषध लागू पडणं हा जिवाचा प्रश्न असतो.

माझ्या टेबलावर लघवीच्या कल्चरमध्ये असे ई. कोलाय येतात की अहवालात एकामागून एक औषधापुढं "रेझिस्टंट" लिहावं लागतं. कधी रुग्ण वीस-बावीस वर्षांची मुलगी असते, जिनं आयुष्यात दवाखाना फारसा पाहिलेला नसतो. तो जंतू तिच्याकडं कुठून आला हे मी सांगू शकत नाही. माणसांतला अँटिबायोटिकचा बेसुमार वापर हे मोठं कारण आहेच, दोन गोळ्या खाऊन बरं वाटलं की सोडून देणारे आपणच आहोत. पण ज्या गटाची औषधं मी त्या अहवालात लिहिते, त्याच गटाची औषधं गावोगाव कोंबड्यांच्या पाण्यात जातात हे वाचलं की मला फार त्रास होतो. तुमचा गट विचारून करतोय, याचं मला खरंच बरं वाटलं.

मेसवाल्यांना माझा एक निरोप द्या. पातेल्यात पन्नास अंडी फोडून, फेटून ओट्यावर ठेवायची आणि सकाळभर त्यातून ऑम्लेट घालायचं, हे बंद करा. पन्नासात एक अंडं वाईट असलं तरी सगळं पातेलं बिघडतं, आणि लातूरच्या उन्हाळ्यात ते जंतूंना हवं तेच तापमान आहे. लागेल तसं फोडा. बलक घट्ट होईपर्यंत शिजवा, आत ७१ अंश झालं की सालमोनेला उरत नाही. अंड्याचा हात लागलेल्या भांड्यात कोशिंबीर कालवू नका.

—

तेरणाकाठ (ता. औसा)

निरोप दिला. मेसवाले दादा म्हणाले, पातेल्याचं आमच्याकडंही तसंच चालतं, आता बदलतो.

आमचं गादी पद्धतीवर एकमत झालंय. डॉक्टर साहेब, गादी कोरडी ठेवायची म्हणजे नेमकं काय काय करायचं? आणि कोंबड्या आजारी पडल्याच तर काय? बिनऔषधाची मरू द्यायची का?

—

निवृत्त पशुवैद्यक (उदगीर)

मरू द्यायची नाही. आजारी जनावराला औषध देणं हा आपला धर्मच आहे. फक्त कोणतं औषध, हे अंदाजानं ठरवायचं नाही. मर दिसली की ताजी मेलेली एक-दोन कोंबडी प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत घालून, थर्माकोलच्या डब्यात बर्फ टाकून त्याच दिवशी पोचवा. तुम्हाला उदगीरचं पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे, परभणीलाही आहे. शवविच्छेदन होतं, जंतू वाढवून कोणत्या औषधाला तो मरतो हे पाहता येतं. औषध सुरू करण्याआधी नमुना गेला पाहिजे, नंतर गेला तर जंतू वाढतच नाहीत. आणि मर म्हणजे दरवेळी जंतूच असं नाही. मानमोडी विषाणूचा रोग, त्याला अँटिबायोटिक काहीच करत नाही, त्याला लसच. मे महिन्यात दुपारी धापा टाकून मेलेली कोंबडी उष्म्यानं मेलेली असते. तिथं पत्र्यावर पाचट किंवा कडबा टाकून पाणी मारणं हाच उपचार.

आता शेड. ६०० चौरस फुटांत २५० पक्षी बसतात, जास्त भरू नका. भाताचा तूस आपल्याकडं सहज मिळत नसेल तर शेंगांची टरफलं किंवा लाकडाचा कोरडा भुसा चालतो, पाच-सहा इंच जाडीचा. रोज दाताळ्यानं खालीवर करायचा. मुठीत दाबला आणि गोळा तसाच राहिला तर तो ओला आहे. त्या जागचा काढून चुना भुरभुरवून नवा टाका. ओल बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्याखालीच असते, त्यामुळं भांडी कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगा किंवा चोच लावली की थेंब देणारे निपल बसवा.

अंडी घालायला पाच कोंबड्यांमागं एक खण, अंधाऱ्या बाजूला, आणि तलंगा अंड्यावर येण्याआधीच. एकदा तुसावर घालायची सवय लागली की मोडत नाही. दिवसातून तीन-चारदा अंडी गोळा करा. तुसावरची अंडी वेगळ्या ट्रेमध्ये, ती मेसला द्यायची नाहीत. घाण लागलेलं अंडं गार पाण्यात धुऊ नका. कवचावर एक नैसर्गिक थर असतो तो जातो, आणि आतलं आकसलं की बाहेरचं घाण पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. कोरड्या कापडानं पुसा, पुसून जात नसेल तर बाजूला काढा. आणि अंडी उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका, घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा. उष्णतेनं बलकाभोवतीचा पडदा सैल पडतो, आत एखादा जंतू असला तर त्याला बलकातलं अन्न मिळतं आणि तो झपाट्यानं वाढतो. ४२ अंशांच्या दिवसांत एकाआड एक दिवस तरी माल लातूरला गेला पाहिजे.

उंदीर. हे मी मुद्दाम ठळक सांगतो, कारण यावर कुणी बोलत नाही. सालमोनेला एन्टेरिटायडिस एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडं न्यायचं काम उंदीर करतात. शेड कितीही धुतलं तरी बिळात जंतू शाबूत. मका आणि सोयापेंड जमिनीवर पोत्यात ठेवू नका, पत्र्याच्या कोठीत ठेवा. भिंतीच्या कडेचं गवत काढा, बिळं सिमेंटनं बुजवा, संध्याकाळी सांडलेलं खाद्य झाडा.

पाणी. टाकी झाकलेली हवी, पंधरवड्याला घासून धुवायची. टँकरचं पाणी आलं की क्लोरीन टाकायचं. पण मानमोडीची लासोटा लस पाण्यातून द्यायच्या दिवशी आणि आदल्या दिवशी क्लोरीन बंद, नाहीतर लसच मरते. त्या दिवशी पाण्यात थोडी स्किम मिल्क पावडर मिसळा.

तलंगा एकाच ठिकाणाहून, एकाच वयाच्या आणा. आणताना पुलोरमची तपासणी केलेल्या मूळ कळपाच्या आहेत का हे विचारा. नंतर बाजारातून चार गावरान कोंबड्या आणून त्यांत सोडू नका. ब्रिटनमध्ये १९८८ साली अंड्यातल्या सालमोनेलावरून मोठा गदारोळ झाला होता. त्यांनी १९९८ पासून कोंबड्यांना सालमोनेलाची लस, उंदरांचा बंदोबस्त, पिल्लांच्या उगमाची नोंद हे सगळं एकत्र राबवलं, आणि अशा अंड्यांवर सिंहाचा छाप मारला. २०१७ मध्ये त्यांच्या अन्न खात्यानं सांगितलं की त्या छापाचं अर्धकच्चं अंडं गरोदर बाईलाही चालेल. आपल्याकडं तेवढी व्यवस्था नाही, म्हणून आपण पूर्ण शिजवूनच खायचं. पण वाट तीच आहे.

—

मोसंबीवाला (जालना)

मधेच बोलतो, माफ करा. मी बागेला कोंबडखत घेतो. ताई, बॅच निघाल्यावर गादीचं खत विकाल, चांगला भाव मिळतो. पण ताजं कुणाला मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात टाकू देऊ नका. जे जंतू अंड्यात नकोत ते पानावरून कच्चे खाल्ले जातील. ढीग लावून ओलसर ठेवला, दोन-तीनदा उलटवला तर आतून हात लावू देत नाही इतका तापतो, त्यातच जंतू मरतात. वास गेला, रंग काळा झाला की मगच मी बागेत पसरवतो.

—

तेरणाकाठ (ता. औसा)

सगळं लिहून घेतलं. शेवटचं एक. मेसवाल्या दादांना "अँटिबायोटिक-मुक्त अंडी" असं लिहून देऊ का?

—

निवृत्त पशुवैद्यक (उदगीर)

तसं लिहून देऊ नका, तपासणी केल्याशिवाय तो शब्द वापरणं बरोबर नाही. एक साधी वही करा. तारीख, किती अंडी, किती मर, कोणती लस, कोणतं औषध, कुणाच्या सांगण्यावरून, कधी सुरू, कधी बंद, आणि त्या काळातल्या अंड्यांचं काय केलं. औषध द्यावं लागलं तर त्या दिवसापासून लेबलवरचा काळ संपेपर्यंतची अंडी मेसला जाणार नाहीत, खड्ड्यात जातील, हे दादांना आधीच सांगून ठेवा आणि त्या दिवसांसाठी दुसरी सोय बघायला सांगा. वही मेसवर कधीही बघायला मिळेल असं म्हणा. गटाच्या बैठकीत दर महिन्याला ती वाचा, औषधाचा रकाना रिकामा आहे की नाही हे सगळ्याजणींना कळलं पाहिजे.

तलंगा आणायच्या आधी शेड एकदा दाखवा, पावसाळ्यापूर्वी जमलं तर बरं. मी उदगीरहून येऊन बघून जाईन.